म्हाताऱ्याला पाणी

"वाळूला तहान लागते होय, बाबा?" गुरुदासनं विचारलं.

गाडी चालवणाऱ्या घाडीकाकांनी नजर समोरून हलवली नाही. "वाळूक नाय लागत. राखणदाराक लागता. आणि जरा तोंड सांभाळून बोल, पुढे म्हातारो दिसता."

म्हातारा खराच दिसायला लागला होता. तांबड्या सपाट जमिनीवर एक काळी चंद्रकोर, दुमजली घराहून उंच. पाठ वाऱ्याकडे, मऊ उताराची. पोट आमच्याकडे, सरळसोट. आणि दोन्ही बाजूंना पुढं आलेली दोन शिंगं. मंगळावरच्या त्या मैदानात अशा शेकडो वाळूच्या टेकड्या होत्या. काका त्यांना टेंब म्हणत, म्हणून आम्ही सगळेच टेंब म्हणायचो. वारा त्यांना घडवायचा आणि वाराच त्यांना पुढं ढकलायचा, वर्षाकाठी हातभर. पाठीवरची वाळू उडून माथ्यावर यायची, माथ्यावरून पोटाकडं घरंगळायची, आणि अख्खा टेंब गोगलगाईसारखा सरकायचा. म्हातारा सगळ्यांत अलीकडचा. आमचा बर्फ आणायचा रस्ता त्याच्या पोटाखालून, दोन शिंगांच्या मधून जायचा.

मंगळाबद्दल मी आयुष्यात पुष्कळ सांगितलंय. तिथं भाकरी तव्यावरून उडवली की दुपारच्या जेवणाला खाली येते, असं मी नव्या माणसांना सांगायचो, आणि हातात ताट धरून छताकडं बघत उभे राहिलेले दोघे तरी मी स्वतः पाहिलेत. तसलं काही ऐकायचं असेल तर पुन्हा कधीतरी या. हे तसलं नाही.

आमच्या ठाण्यावर गाडीवाले आठ-दहा. त्यांत सगळ्यांत जुने दत्ताराम घाडी, कोकणातल्या आचऱ्याकडचे. गावात घाडी म्हणजे देवापुढं गाऱ्हाणं घालणारा माणूस. तो मोठ्यानं देवाला साकडं घालणार आणि मागची माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणणार. काकांच्या घराण्यात ते पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. त्यामुळं पहिल्याच खेपेला, टेंबांच्या त्या रानात शिरण्याआधी, काकांनी गाडी थांबवली होती. "परक्या राखणदाराच्या हद्दीत जातोंव. सांगल्याबिगर जावचा नाय." नारळ कुठून आणणार? तिथं नारळाहून मोलाची वस्तू एकच होती. काका म्हाताऱ्याच्या पाठीवरून चढले, वर त्याच्या कपाळावर उभे राहिले आणि बाटलीचं झाकण भरून पाणी वाहिलं. तेव्हापासून येणारीजाणारी प्रत्येक गाडी थांबायची, आणि प्रत्येक जण झाकणभर पाणी त्याच जागी ओतायचा. मी फलटणचा, घाटावरचा. काका मला घाटीच म्हणत. पण पाणी मीही ओतायचो. एकदा अर्धं झाकण ओतून अर्धं प्यालो, तर परत येताना गाडीचं चाक निखळलं. ते आधीपासूनच ढिलं होतं, पण तेव्हापासून मी पूर्ण झाकण ओतायला लागलो.

आणि त्या सगळ्या वर्षांत त्या रस्त्यावर एकही माणूस दगावला नाही. दुसऱ्या ठाण्यांवर माणसं मरत होती. आमच्या रस्त्यावर नाही. मग कोण कशाला म्हणेल की राखणदार नाही म्हणून?

गुरुदास काकांचा एकुलता एक. तिशी ओलांडलेला. अर्धं आयुष्य वाळूच शिकला होता, कुठली वाळू कशी वाहते, कुठं थांबते. नुकत्याच आलेल्या यानातून तो आला, आणि कशासाठी आला ते त्यानं गाडीतच सांगितलं.

"वरून काढलेल्या फोटोंत सगळे टेंब सरकताना दिसतात, नारबा. तुमचा म्हातारा तेवढा सरकत नाही. शिंगं पुढं जातायत, कपाळ जागच्या जागी. असं व्हायला नको."

"म्हातारं माणूस," मी म्हणालो. "गुडघे धरले असतील."

गुरुदास हसला. काका नाही हसले. "तो आमच्यासाठी थांबलोहा," ते म्हणाले. "रस्तो राखता."

गाडी थांबली. आम्ही सूट चढवले, हेल्मेटं बसवली आणि खाली उतरलो. त्या सुटात एकमेकांचा आवाज कानातल्या यंत्रातूनच यायचा, त्यामुळं माणूस कुठंही असला तरी कानाशी बोलतोय असं वाटायचं. काकांनी बाटली पुढं केली. "आधी तू घाल. पयल्यांदा इलंस."

"परत येताना घालतो, बाबा. आधी कोरडी वाळू घ्यायचीय मला. ओली झाली तर मोजमाप चुकतं."

"परत येताना कसला? आदी हुकूम घेवचो."

"बाबा, पाचच मिनिटं."

काकांच्या मनात नव्हतं, पण पोरगा अकरा वर्षांनी भेटला होता. बाटली त्यांनी काखेत धरली आणि ते गाडीपाशी उभे राहिले. गुरुदास म्हाताऱ्याच्या पोटाखाली गेला. तिथून वर बघितलं की कपाळाचा भाग छपरीसारखा पुढं आलेला दिसायचा. आम्ही रोजचे, आम्हाला त्याचं काही वाटत नसे; उलट कोणीतरी म्हणायचं, म्हाताऱ्यानं आपल्यावर छत्र धरलंय. गुरुदासनं खालची वाळू डबीत भरली. मग हातोडीनं वरच्या छपरीला ठोकून पाहिलं.

"नारबा," त्याचा आवाज कानात आला, "ही वाळू नाही. हा दगड झालाय. आणि खालून सगळं पोकळ…"

मंगळावर कोसळणं सावकाश दिसतं. वजन तिसरा हिस्सा, म्हणून. ते काळं छप्पर निघालं आणि सावकाश, अगदी बेतानं खाली आलं, आणि त्याच्यामागून वरची कोरडी वाळू पाण्यासारखी वाहत आली. आवाज अजिबात झाला नाही. धूळ बसली तेव्हा तिथं गुरुदास नव्हता.

काका धावले. मी फावडी घेऊन मागं.

"गुरू," काका पोराला हाका मारत होते. "गुरू, झिला."

"आहे, बाबा." कानाशी, अगदी जवळ. "आहे मी. छातीवर मोठा तुकडा आहे. पाय हलत नाहीत."

"हवा?" मी विचारलं.

"नळी दाबली गेलीय. राखीव डबीतली चालू आहे. फार नाही ती."

आम्ही खणायला लागलो. कोरडी वाळू म्हणजे काय असते ते त्या दिवशी कळलं. एक फावडं बाहेर काढावं, तर दीड फावडं बाजूनं आत येई. गाडीचा फाळ लावला असता, पण तो पोरगा किती हातांच्या अंतरावर आहे ते ठाऊक नव्हतं. त्या फाळानं दगड फोडतात. आम्ही हातानंच खणत राहिलो. खड्डा गुडघ्याइतका व्हायचा, मांडीइतका व्हायचा आणि कडा ढासळून पुन्हा गुडघ्यावर यायचा.

"बोलत रव, झिला," काका म्हणाले. "थांबू नको."

"काय बोलू?"

"कसो काय कोसाळलो रे ह्यो?"

यंत्रात गुरुदासचे दोन श्वास ऐकू आले.

"वाळूचं काय सांगता येतंय, बाबा," तो शेवटी म्हणाला. "कोसळते कधी कधी. कोणाच्या हातात नसतं ते."

"बरा. बरा. तू श्वास कमी घी."

"तुम्हीच दमलाय. तुमचा श्वास ऐकू येतोय मला. नारबा, त्यांना जरा बसवा."

"तुझा बाप माझं ऐकतो होय?" मी म्हणालो. "मी सांगितलं तर दुप्पट खणतील."

तो हसला असावा. यंत्रातून फक्त खरखर आली. पुन्हा कड ढासळली, आणि या वेळी सगळंच्या सगळं भरलं. काकांनी फावडं टाकलं. मला वाटलं, हरले. पण ते गाडीकडं वळले होते.

"पाणी," ते म्हणाले. "घाट्या, पाण्याचे कॅन काढ. दर्याकाठी पुळणीत खड्डो मारताना पाणी मारतत. भिंत धरता."

"नको, बाबा." गुरुदासचा आवाज एकदम मोठा झाला. "पाणी नको."

"कित्याक नको?"

"तुम्हाला परत जायचंय. प्यायला काय राहील? हवासुद्धा पाण्यातूनच बनते तुमच्या गाडीची. पाणी नका घालू. मी सांगतोय ना."

"गप रव."

आम्ही कॅन आणले. तिथं पाणी उघड्यावर ओतलं की एकाच वेळी उकळतंही आणि गोठतंही. वाफेचा पांढरा लोट उठतो आणि खाली जे उरतं ते बर्फ. ठाण्यावरचं पाणी जमिनीतल्या बर्फाचं, मचूळ, मिठानं भरलेलं. काकांनी खड्ड्याच्या कडेनं धार धरली. वाळूनं पाणी प्यालं, वर पांढरी साय धरली, आणि बघता बघता कड उभी राहिली. मी फावडं मारून पाहिलं. फावडं टणकन मागं आलं.

"धरलं, काका," मी म्हणालो. "धरलं. आता खणा."

काका खणत नव्हते. वाकून त्यांनी त्या नव्या कडेचा एक टवका काढला होता. दुसऱ्या हातात, वरून कोसळलेल्या छपराचा एक तुकडा. दोन्ही काळे, दोन्हींवर मिठाची पांढरी रेघ. ते आळीपाळीनं दोन्हींकडं बघत होते. मला वाटलं, काकांचं डोकं फिरलं.

"काका, खणा."

त्यांनी दोन्ही तुकडे कमरेच्या पिशवीत टाकले आणि फावडं उचललं. त्यानंतर माणूस तसा खणताना मी पुन्हा पाहिला नाही. ओतायचं, धरू द्यायचं, खणायचं, पुन्हा ओतायचं. खड्डा आता ढासळत नव्हता. छातीइतका झाला. डोक्याइतका झाला.

"बाबा," गुरुदास म्हणाला. आवाज झोपाळलेला होता. "फोटो चुकीचे असतील माझे. म्हातारा सरकत असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"होय," काका म्हणाले. "सरकता तो. बोल पुढे."

पुढे तो बोलला नाही. काकांनी हाका मारणं थांबवलं नाही, आणि खणणंही. पहिल्यांदा हातमोजा लागला. काकांनी तो धरला आणि दाबला. आतल्या बोटांनी उलट दाबलं नाही. त्याला पुरता बाहेर काढेपर्यंत आमच्याकडं परतीपुरतं पाणी जेमतेम राहिलं होतं. गाडीत मागच्या बाकावर निजवला, बेल्ट लावला. परतीच्या वाटेवर काका एकच वाक्य बोलले.

"झिलान माका आयुष्यात कधी फसवल्यान नव्हता."

मला त्याचा अर्थ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणघरात सगळे गाडीवाले जमले होते. दुपारी दुसरी गाडी सुटायची होती; बर्फाशिवाय ठाणं चालत नाही, कोणीही मेलं तरी. बस्त्याव डिसोझा मालवणचा, साताऱ्याची विमल पांढरे, आणखी चौघंपाचजण. टेबलावर पाण्याचे भरलेले कॅन ओळीनं ठेवलेले. प्रत्येकानं आपल्या वाट्याचं पाणी आणून त्यात ओतलं होतं.

"झाकणभरान आता भागाचा नाय," बस्त्याव सांगत होता. "तो रागावलोहा. पोरान पाणी दिल्यान नाय. आज कपाळार कॅनच रिते करूचे."

"मी माझं दोन दिवसांचं दिलंय," विमल म्हणाली.

काका दारात उभे होते. आत आले. पिशवीतले दोन्ही तुकडे काढून टेबलावर ठेवले.

"पाणी घालू नकात," ते म्हणाले. "ऐका माजा. ह्यो काल आमी पाणी मारून धरवलेल्या वाळूचो तुकडो. आणि ह्यो वरसून पडलेलो. बघा. एकच आसा. आमच्या पाण्यान त्येच्या कपाळाचो दगड केलो. खालची वाळू वाऱ्यान गेली, दगड वर लोंबत रवलो. राखणदाराचो राग नाय, काय नाय. पाणी मी सुरू केलंय. माजो झील माज्या पाण्यान गेलो."

तेव्हा मला कळलं. गुरुदासला हातोडीच्या पहिल्या ठोक्यालाच ते कळलं होतं. अर्धं आयुष्य वाळू शिकलेला माणूस तो. आणि वाळूखालून, उरलेल्या हवेत, तो बापाला सांगत राहिला की वाळू कोसळते कधी कधी. पाणी नको म्हणाला ते आमच्या तहानेसाठी नव्हे. पाण्यानं वाळूचं काय होतं ते बापानं डोळ्यांनी बघू नये, म्हणून.

विमल उठली आणि तिनं काकांचा हात धरला. "काका, तुम्ही रात्रभर जागे आहात. चला, पडा जरा."

"तुमका ऐकाक येता काय मी काय सांगतंय?"

"येतंय, काका. बाप असंच म्हणणार. माझा भाऊ विहिरीत पडला तेव्हा माझे वडीलही म्हणत होते, मीच मारला."

बस्त्यावनं टेबलावरचा छपराचा तुकडा उचलला. वाटलं, आता तरी बघेल. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला आणि पुढच्याला दिला. पुढच्यानंही लावला.

काका वळून बाहेर गेले. मी मागं गेलो. बोळात ते भिंतीला टेकून उभे होते.

"आज दुपारी कॅन ओतणार ते," मी म्हणालो. "अर्धा दगड अजून वर लोंबतोय. त्याच्यावर सात माणसं चढणार, आणि गाडी त्याखालून जाणार."

"मी खरा सांगलंय. अजून काय करू?"

"खरं सांगून झालं. आता दुसरं सांगा."

"म्हणजे?"

"काका, गाऱ्हाणं तुम्ही घालता. राखणदाराचं म्हणणं तुम्हाला कळतं, असं ते मानतात. माझ्या तोंडून निघालेलं तर कोणी मानणार नाही, माझ्या सगळ्या थापा खर्ची पडल्यात. तुम्ही जन्मात एक मारलेली नाही. तुमची चालेल."

"देवाच्या नावान खोटा?"

"सात माणसं आहेत."

काका भिंतीपासून सरळ झाले. "काय सांगू?"

"सांगा, पहाटे डोळा लागला आणि तो आला. म्हणाला, माझी तहान भागली. यापुढं मला पाणी नको. माझ्या पोटाखालून नका जाऊ, वळसा घालून जा."

"कशान भागली, म्हणान इचारतीत."

मला ते आधीच सुचलं होतं, थाप जोडणाऱ्याला पुढचं सगळं सुचतं, पण ते माझ्या तोंडून निघेना. काकांनी वर बघितलं. त्यांना कळलं होतं.

"माज्या झिलान," ते म्हणाले.

आणि ते आत गेले. मी दारातच थांबलो. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि गाऱ्हाण्याच्या आवाजात, त्या रानात शिरताना लावत त्याच आवाजात, सगळं सांगितलं. राखणदार आला. घाड्याच्या घरचा एकुलता एक घेतला. तृप्त झाला. आता कोणी पाणी द्यायचं नाही, दिलं तर तो उष्टं मानेल. वाट बदला. एक शब्द अडखळला नाही. मी इतक्या वर्षांत इतकी बिनचूक थाप ऐकली नव्हती.

सगळ्यांचे डोळे भरले. कोणी हात जोडले. विमलनं आपला कॅन उचलला आणि पाणी टाकीत परत ओतलं, मग बाकीच्यांनीही. बस्त्याव पुढं आला आणि काकांच्या पायाला हात लावला.

"मोठो मान दिल्यान, काका, तुमका," तो म्हणाला. "सगळ्यांत तुमचोच झील निवडल्यान. असा भाग्य कोणाच्या वाटेक येता?"

काकांना मान हलवावी लागली. त्यांनी ती हलवली.

त्या दुपारपासून गाड्या वळसा घालून जायला लागल्या. उरलेलं छप्पर पुढच्याच वाऱ्यात खाली आलं. खाली कोणी नव्हतं. पाणी थांबल्यावर काही वर्षांत म्हातारा इतर टेंबांसारखा सरकू लागला. नव्या गाडीवाल्यांना जुने ती हकिकत सांगत, राखणदारानं घाड्यांचा पोर कसा मागून घेतला त्याची, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली येई. तिथं आता लोक आपल्या मुलांना गुरुदासचं नाव ठेवतात.

मी गोष्टी सांगायचो ते सोडलं नाही. पण जेवणघरात मी एखादी रंगवायला लागलो आणि माणसं माझ्याकडं टक लावून बघायला लागली, की काका ताट उचलत आणि दूर कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसत. दर वेळी. एकदा न राहवून मी त्यांच्यामागं गेलो.

"काका, माझा राग आहे का मनात?"

"तुजो नाय रे," ते म्हणाले, आणि भाताचा घास कालवत राहिले. "तू सांगतंस तेव्हा तेंची तोंडां माका बघवत नाय. खरा मानतत."